ड्रॉइंगचा तास : पेन्सिल-रेखाटनाच्या शिक्षणाचा इतिहास

समोर ठेवलेली वस्तू डोळ्यांना दिसते तशी, केवळ पेन्सिलीच्या करड्या-काळ्या छटांत कागदावर उतरवणे हे कसब महाराष्ट्रात अंगच्या देणगीपेक्षा शिक्षणाचा विषय म्हणून अधिक वाढले. त्याला अभ्यासक्रम होता, परीक्षा होती, प्रमाणपत्र होते आणि जिल्ह्याच्या गावी हायस्कुलात ते शिकवणारा पगारी ड्रॉइंग मास्तर होता. चित्रकलेच्या इतिहासात गाजतात ती मोठी तैलचित्रे. त्या रंगांखालची पेन्सिल इथे कशी आली, ती कोणी व कशासाठी शिकवली आणि हात बसवण्याची ठरावीक वाट कशी पडली, हा भाग बहुधा तळटीपेत जातो.

शिसपेन्सिलीत शिसे नसते. असते ते ग्रॅफाइट, म्हणजे कार्बनचे एक रूप. इंग्लंडच्या उत्तरेला कंबरलंड परगण्यातील बॉरोडेल खोऱ्यात सोळाव्या शतकात ग्रॅफाइटचा इतका शुद्ध आणि घट्ट साठा सापडला की, तो करवतीने कापून त्याच्या सरळ कांड्या करता येत. झुरिकचा निसर्गशास्त्रज्ञ कोनराड गेस्नर याने १५६५ मध्ये लाकडात बसवलेल्या अशा लेखणीचे वर्णन चित्रासह छापले. त्या प्रतीचे ग्रॅफाइट दुसरीकडे मिळत नसल्याने खाणीवर पहारा असे आणि मालाची चोरीही होई. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात युद्ध जुंपले आणि फ्रान्सला इंग्लिश माल मिळेनासा झाला. तेव्हा निकोला-झाक काँते याने हलक्या प्रतीच्या ग्रॅफाइटची पूड मातीत मळली, तिच्या बारीक सळया भट्टीत भाजल्या आणि १७९५ मध्ये त्या कृतीचे पेटंट घेतले. व्हिएन्नाचा योझेफ हार्टमुट हाही त्याच दशकात अशाच मार्गाला लागला होता.

काँतेच्या कृतीने टंचाई मिटली. पण चित्रकलेच्या दृष्टीने तिचा खरा लाभ वेगळा होता. मिश्रणात माती वाढवली की कांडी कडक होते आणि रेघ फिकट उमटते. माती कमी केली की कांडी मऊ आणि रेघ काळी. खाणीतून निघेल त्यावर समाधान मानण्याऐवजी आता हवी ती प्रत घडवता येऊ लागली. पुढे एच, एचबी, बी अशा अक्षरांनी या प्रती ओळखल्या जाऊ लागल्या. हार्टमुटच्या वारसांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील हिऱ्याचे नाव देऊन काढलेली पिवळी ‘कोहिनूर’ पेन्सिल सतरा प्रतींत मिळू लागली. बाह्यरेषा एचने काढा, सावली टू-बीने भरा, असे वर्गातल्या तीस मुलांना एकदम सांगता येते ते यामुळेच. दुसरी सोय खोडरबराची. पेन्सिलीची रेघ रबराने पुसली जाते, याची नोंद जोसेफ प्रीस्टलीने १७७० मध्ये केली. तोवर त्या कामाला पावाचा गर वापरत. शाईची किंवा चांदीच्या तारेची रेघ एकदा उमटली की उमटली. पेन्सिलीची रेघ मात्र दुरुस्त करता येते, आणि नवशिक्याला शिकवण्याच्या साधनात याहून मोठा गुण नाही.

नुसती पेन्सिल कुठवर जाऊ शकते, हे फ्रेंच चित्रकार एँग्र याने दाखवले. नेपोलियनच्या पाडावानंतर रोममधले त्याचे फ्रेंच आश्रयदाते पांगले, तेव्हा पोटासाठी तो शहरात येणाऱ्या परदेशी प्रवाशांची व्यक्तिचित्रे काढून देऊ लागला. चेहरा बारीक छटांनी घडवायचा आणि कपडे चारदोन वेगवान रेघांत सोडून द्यायचे, ही त्याची रीत. १८१९ मध्ये त्याने काढलेले व्हायोलिनवादक पागानीनीचे पेन्सिलचित्र याच प्रकारचे आहे. ही कामे तो स्वतः दुय्यम समजे. पुढच्या काळातल्या रेखाटनाच्या शिक्षकांनी मात्र त्याच्या तैलचित्रांपेक्षा याच कागदांवर जास्त डोळे लावले.

महाराष्ट्रात पेन्सिल येण्याआधी रेखाटन नव्हते असे नाही. त्याचा हेतू आणि सराव निराळा होता. वाड्यांच्या भिंतींवर, पोथ्यांत, चित्रकथींच्या कागदांवर चित्रे होतच होती. कच्ची आखणी कोळशाने किंवा गेरूने होई आणि पक्की रेषा कुंचल्याने. शिकणारा मुलगा गुरूच्या किंवा बापाच्या हाताखाली जुनी चित्रे गिरवून आकार पाठ करी. हत्ती कसा काढायचा हे ठरलेले असे. त्यासाठी हत्ती समोर उभा करावा लागत नसे. एका डोळ्याने, एका जागेवरून, एका प्रकाशात दिसणारी वस्तू मोजून काढणे या परंपरेच्या गरजेतच बसत नव्हते.

ही दुसरी नजर पुण्यात आली ती पेशवाईत. ईस्ट इंडिया कंपनीचा पुणे दरबारातील रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट याला लेण्यांचा आणि प्राण्यांचा नाद होता. १७९१ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार मुंबईत उतरला आणि मॅलेटच्या ओळखीने पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा सुरू झाली आणि तिथे स्थानिक कारागिरांना पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकवले जाऊ लागले. त्यांतला सर्वांत ठळक माणूस गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट. मॅलेटसाठी त्याने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचे चित्र काढले. त्याची कितीतरी कामे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहालयात आहेत. ती पाहिली की दोन शिस्तींची ओढाताण स्पष्ट दिसते. खांबांची मापे आणि मांडणी जागेवर बसून घेतलेली आहे, पण कडा अजून कुंचल्याच्या सवयीने ठसठशीत. ही ओढाताण त्या चित्रांचा दोष मानण्याचे कारण नाही; त्यांचा गोडवाच तिच्यात आहे. साष्टीतील लेण्यांची चित्रे काढता काढता वेल्स तापाने आजारी पडला आणि १७९५ मध्ये वारला. सवाई माधवरावांचा मृत्यूही त्याच वर्षीचा. शाळा टिकली नाही. वेल्सच्या रेखाटनांवरून चित्रकार डॅनियल काका-पुतण्यांनी १८०३ मध्ये वेरूळचा चित्रसंच लंडनमध्ये प्रसिद्ध केला. पुण्यात मात्र या शिक्षणाला पुढे वारस उरला नाही.

दुसरी सुरुवात मुंबईत झाली आणि तिच्यामागचे कारण सौंदर्याचे नव्हते. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानातील कारागिरीने इंग्रजांचे डोळे दिपवले होते. या कारागिरांना अचूक रेखाटन शिकवले तर व्यापार व उद्योग वाढेल, असा विचार त्या काळी जोरात होता. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ मध्ये अशा शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले आणि २ मार्च १८५७ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये वर्ग सुरू झाले. कॅमेरा तोवर मुंबईत पोहोचलाही होता. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती. म्हणजे हुबेहूब प्रतिमा मिळवायला माणसाचा हात लागत नाही हे कळून चुकल्यावर हात हुबेहूब करण्याची शाळा निघाली. यात विसंगती वाटली तरी तशी ती नव्हती. सरकारला चित्रे नको होती, नकाशे व आराखडे काढू शकणारी माणसे हवी होती. बांधकाम खाते, रेल्वे, छापखाने, कोरीवकामाचे कारखाने या सगळ्यांना डोळ्याने मोजणारा आणि हाताने तंतोतंत उतरवणारा ड्राफ्ट्समन लागत होता.

नमुना लंडनहून आला. तिथे १८३७ पासून सरकारी डिझाइन स्कूल चालू होते आणि १८५२ नंतर हेन्री कोल व रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी साऱ्या देशासाठी तेवीस पायऱ्यांचा अभ्यासक्रम बांधला. साउथ केन्सिंग्टन पद्धत म्हणतात ती हीच. पहिली पायरी उपकरणांनी सरळ रेषा व भूमितीच्या आकृत्या. मग छापील नमुन्यावरून फ्रीहँड बाह्यरेषा, नंतर तेच घनवस्तूवरून. पुढे छायांकन, तेही आधी सपाट चित्रावरून आणि मग प्लास्टरच्या साच्यावरून. मानवाकृती, फुले, रंग हे त्यानंतर. स्वतःचे संकल्पन शेवटी. क्रम उलटसुलट करायला परवानगी नव्हती. एकाच प्लास्टरच्या पानावर किंवा शिल्पावर महिनोन्महिने ठिपके देत बसणारे विद्यार्थी इंग्लंडमध्येही चेष्टेचा विषय झाले होते. पॅरिसमध्ये १८६६ ते १८७१ या काळात शार्ल बार्ग याने चित्रकार जेरोमच्या सहकार्याने काढलेला छापील पाठांचा संच याच पिढीतला. त्यात आकार आधी मोठ्या सरळ रेषांच्या चौकटीत बांधायचा आणि मग वळणे शोधायची, असे शिकवले आहे. लंडनच्या पद्धतीपेक्षा ही रीत जास्त डोळस होती. तपशिलाच्या मोहातून सुटका करून ती आधी सारा आकार एकदम पाहायला लावते.

मुंबईच्या या शाळेला, म्हणजे सर ज. जी. स्कूलला, बळ आले ते १८६५ नंतर. जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोघे तरुण शिक्षक त्या वर्षी इंग्लंडहून आले. पहिला शिल्पकामासाठी, दुसरा सजावटीच्या चित्रकामासाठी. किपलिंगचा मुलगा, पुढचा लेखक रडयार्ड, त्याच वर्षाच्या अखेरीस स्कूलच्या आवारात जन्मला, ही गोष्ट मुंबईकरांना ठाऊक असते. बापाची पेन्सिल तितकी ठाऊक नाही. १८७० मध्ये सरकारने त्याला उत्तर हिंदुस्थानात फिरून कारागिरांची रेखाटने करायला पाठवले. लाकूड कोरणारा, विणकर, धातूकाम करणारा अशी कामात गढलेली माणसे त्याने काढली. हत्यार कोणत्या कोनात धरले आहे, पायाने लाकूड कसे दाबले आहे, हे त्यांत वाचता येते. माहितीसाठी केलेले रेखाटन किती जिवंत होऊ शकते याचा त्याहून चांगला दाखला सापडणे कठीण.

ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांचा हात कसाला लावला तो अजिंठ्यात. १८७२ ते १८८५ या काळात तो हिवाळ्यामागून हिवाळा विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत राही आणि भित्तिचित्रांच्या नकला करून घेई. पेस्तनजी बोमनजी हे त्या तुकडीतले पुढे नाव मिळवलेले चित्रकार. अंधाऱ्या लेणीत, पापुद्रे सुटलेल्या भिंतीवरची रेषा जशी आहे तशी उचलायची, तुटली असेल तिथे आपल्या मनाची भर घालायची नाही, असे ते काम होते. लंडनला पाठवलेल्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला. ग्रीक प्लास्टरवर शिकलेल्या हातांना दीड हजार वर्षांपूर्वीची देशी रेषा गिरवावी लागली. साहेबांच्या अभ्यासक्रमाने तयार झालेली मुले अजिंठ्याच्या रेषेपाशी पोहोचली ती या आडवाटेने.

इतके दिवस ही विद्या मुंबईतल्या एका संस्थेपुरती होती. ती मुलुखात पसरली परीक्षांमुळे. १८७९ मध्ये ड्रॉइंग हा स्वतंत्र विषय म्हणून स्कूलमध्ये रीतसर शिकवला जाऊ लागला आणि १८९३ मध्ये ड्रॉइंग शिक्षक तयार करणारा वर्ग निघाला. १८७७ ते १८८० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर रिचर्ड टेंपल यांचे मत असे होते की, वस्तू अचूक काढणे ही हिंदी लोकांनी आजवर कधी न शिकलेली गोष्ट असून ती त्यांना शाळांनी शिकवावी. मतातला तोरा उघड आहे. पण त्याच तोऱ्यापोटी एक अशी व्यवस्था उभी राहिली की, रत्नागिरी किंवा सोलापूरच्या मुलालाही मुंबईत पाऊल न ठेवता त्याच प्रश्नपत्रिकेला बसता येऊ लागले. या ग्रेड परीक्षांत आधी फ्रीहँड, भूमिती, पर्स्पेक्टिव्ह, मॉडेल ड्रॉइंग यांवर भर होता. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट ही नावे कायमची रूढ झाली. परीक्षा पास झालेला मुलगा शिक्षकाचा वर्ग करी, हायस्कुलात लागे आणि पुढच्या मुलांना परीक्षेला बसवी. वेलीला वेल फुटावी तसा हा विस्तार झाला.

वर्गात नेमके काय शिकवले जाई? मास्तर घडवंचीवर किंवा स्टुलावर वस्तू मांडत. साउथ केन्सिंग्टनच्या पुस्तकांतले घन, शंकू, दंडगोल लाकडी असत. इकडे त्यांच्या जोडीला तांब्या, पेला, कळशी, उघडे पुस्तक आणि एखादे फळ आले. खिडकी एकाच बाजूची उघडी, म्हणजे सावली एकाच दिशेला. मुलगा हात ताठ करून पेन्सिल उभी धरतो, एक डोळा मिटतो आणि अंगठा सरकवून तांब्याची उंची मापतो. तेच माप आडवे धरून रुंदीशी ताडतो. हात कोपरात वाकला तर पेन्सिलीचे डोळ्यापासूनचे अंतर बदलते आणि सारी मापे फसतात, म्हणून हात ताठच हवा. मापे घेतल्यावर मधोमध एक उभी मध्यरेषा, तिच्या दोन्ही बाजू सारख्या, मग मान, पोट आणि बूड यांच्या जागा.

खरी परीक्षा तांब्याच्या तोंडाची. ते गोल आहे हे मुलाला माहीत असते, म्हणून तो गोल काढतो; बूड जमिनीवर सपाट टेकले आहे हेही माहीत असते, म्हणून खाली सरळ रेघ ओढतो. दोन्ही चूक. डोळ्याच्या पातळीखाली ठेवलेले गोल तोंड लंबवर्तुळासारखे दिसते. पातळीपासून जितके खाली जावे तितके ते लंबवर्तुळ उघडत जाते, त्यामुळे बुडाची कड तोंडापेक्षा अधिक वळलेली असते. लंबवर्तुळाची टोके कधीच अणकुचीदार होत नाहीत, हे तर मास्तरांना दर वर्षी नव्याने सांगावे लागते. माहीत असलेले बाजूला ठेवून दिसते ते काढणे, एवढीच साऱ्या वास्तवदर्शी रेखाटनाची मेख आहे आणि ती तांब्यासारख्या घरगुती वस्तूवर जितकी लख्ख कळते तितकी ग्रीक देवतेच्या नाकावर कळत नाही. अभ्यासक्रम परका असला तरी या एका ठिकाणी तो इथल्या वर्गात आणखी चांगला शिकवला गेला, असे म्हणायला हरकत नाही.

बाह्यरेषेनंतर छायाप्रकाश. उजळ भाग, मधली छटा, सर्वांत गडद पट्टा, त्याच्याही पलीकडे कडेजवळ जमिनीवरून उसळून आलेला मंद परावर्तित प्रकाश आणि शेवटी वस्तूची पडछाया, असा क्रम मुलांच्या डोक्यात बसवला जाई. पितळी तांब्यावर झळाळीचा ठिपका कोरा कागद सोडूनच दाखवावा लागतो. इथे ग्रॅफाइटची मर्यादा आड येते. ते कोळशाइतके काळे होत नाही, आणि फार घासले तर काळे होण्याऐवजी चकाकू लागते. म्हणून डोळ्यांना दिसणारी प्रकाशाची सारी पट्टी पेन्सिलीच्या तोकड्या पट्टीत बसवावी लागते. सर्वांत गडद जागा कोणती हे आधी ठरवायचे आणि बाकीच्या छटा तिच्या मानाने उतरवायच्या. ज्याला हे उमगत नाही त्याचे चित्र सगळीकडे सारखेच करडे होते. मोठ्या कागदावर प्लास्टरचे पुतळे किंवा मानवाकृती काढताना शिक्षक कोळसा किंवा खडू हाती देत, ते याचसाठी. कापसाने वा कागदी गुंडाळीने सावली चोळायची की शेजारी शेजारी रेघा टाकून ती विणायची, यावर शिक्षकांत नेहमीच दोन तट राहिले. चोळलेली सावली लवकर गुळगुळीत होते आणि परीक्षकाला भुलवते. रेघांची सावली वस्तूचा पृष्ठभाग कुठे वळतो हे सांगते.

या शिक्षणाचे सर्वांत मोठे फळ म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर. १८६७ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या स्कूलमध्ये दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत राहिले. त्या दिवसांच्या आठवणी त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या पुस्तकात लिहून ठेवल्या. ग्रिफिथ्सच्या हाताखाली प्लास्टर आणि मॉडेल यांवर तयार झालेला हात त्यांनी रस्त्यावर नेला. बाजारातल्या कोळिणी, जोगतिणी, भिक्षुक, पारशी गृहस्थ, उत्सवातली गर्दी अशी माणसे त्यांच्या रेखाटनांत हजारोंनी आहेत. ऑटो रॉथफेल्डच्या ‘विमेन ऑफ इंडिया’सारख्या पुस्तकांतली त्यांची चित्रे याच सरावातून आली. माणसाने भार कोणत्या पायावर टाकला आहे आणि त्यामुळे साडीची चुणी कुठे ताणली आहे, हे ते दोनचार रेघांत सांगतात. तेवीस पायऱ्यांच्या अभ्यासक्रमात चालत्या माणसाला जागाच नव्हती; तो पाया वापरून पुढचे घर धुरंधरांनी स्वतः बांधले. त्यांच्याच कोल्हापुरातले आबालाल रहिमान हेही मुंबईला शिकून परतले आणि कोटीतीर्थाच्या परिसरात निसर्ग रेखाटत राहिले. गोव्यातील सांगे येथे जन्मलेले आंतोनियो शाविएर त्रिंदाद याच स्कूलमध्ये शिकले आणि तिथेच शिकवूही लागले. माणसाच्या चेहऱ्यावरचा प्रकाश हाताळण्यात त्यांच्या पिढीत त्यांच्या तोडीचे फार थोडे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या पद्धतीवर पूर्वेकडून हल्ला झाला. कोलकात्याच्या कला शाळेचा प्रमुख ई. बी. हॅवेल याने युरोपीय प्लास्टरचे साचे हटवले आणि अवनींद्रनाथ टागोरांच्या भोवती देशी शैलीचा पंथ उभा राहिला. मुंबईने तो मार्ग धरला नाही. स्कूलचा प्रमुख सेसिल बर्न्स याच्या काळात अभ्यास मुख्यतः जुन्या वाटेनेच चालला. पहिल्या महायुद्धानंतर प्रमुख झालेल्या ग्लॅडस्टन सॉलोमन याने तर प्रत्यक्ष मॉडेलवरून मानवाकृती काढण्याचे वर्ग सुरू करून वास्तवदर्शनाची गाठ आणखी घट्ट केली; त्याच्या जोडीला भित्तिचित्रांचा वर्ग काढून भारतीय विषयांनाही जागा दिली. बंगालच्या टीकाकारांना मुंबईचे काम नकलाकारी वाटे, मुंबईच्या मास्तरांना बंगालचे हात कच्चे वाटत. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. फरक इतकाच की, मुंबईकडे ग्रेड परीक्षेचे जाळे होते. कलेची चर्चा कुठेही गेली तरी तालुक्याच्या शाळेतला तांब्या घडवंचीवरून हलला नाही.

स्कूलबाहेरही वर्ग निघाले. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. त्यांचे स्वतःचे नाव जलरंगासाठी झाले, पण वर्गात सुरुवात पेन्सिलीनेच. मराठी ड्रॉइंग शिक्षकांची ही परंपरा प्रांताबाहेरही गेली. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये इंदूरला चित्रकला शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे तिथले विद्यार्थी आणि मकबूल फिदा हुसेन यांनीही काही काळ तिथेच हात बसवला. हुसेन यांची पुढची चित्रे पाहून कोणाला हे खरे वाटणार नाही. पण त्यांच्या घोड्याच्या एका ओघातल्या रेषेमागे मापून काढलेल्या आकृत्यांचा सराव आहे.

या सगळ्या काळात चांगली पेन्सिल परदेशी असे. न्यूरेंबर्गजवळच्या स्टाइन गावी १७६१ पासून पेन्सिली करणाऱ्या फाबर घराण्याची हिरवी ‘कॅस्टेल’ किंवा हार्टमुटची ‘कोहिनूर’ परीक्षेच्या दिवसासाठी जपून ठेवली जाई. १९३१ मध्ये मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग सुरू केला, त्यातून कॅम्लिन उभी राहिली आणि रंग व चित्रसाहित्य देशात मिळू लागले. १९५८ मध्ये हिंदुस्थान पेन्सिल्स ही कंपनी निघाली. तिची नटराज लिहिण्यासाठी आणि अप्सरा ड्रॉइंगसाठी, अशी विभागणी कित्येक पिढ्यांच्या दप्तरात पक्की बसली. पेन्सिलीचे लाकूड मोठ्या प्रमाणावर काश्मीरच्या पुलवामा भागातल्या पॉप्लर झाडांचे असते. किंमत आवाक्यात आल्यावर एकाच तुकड्यावर सगळे काम भागवण्याची सवय मोडली आणि टू-बी, फोर-बी, सिक्स-बी असा संच सामान्य विद्यार्थ्याच्या हाती आला. छायांकनाच्या दर्जावर याचा जो परिणाम झाला तो कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा असावा.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६५ मध्ये कला संचालनालय स्थापन झाले आणि ग्रेड परीक्षांचे काम त्याच्याकडे आले. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कर्तव्य भूमिती व अक्षरलेखन हे विषय ठरले. स्मरणचित्राला जुने मूळ आहे. पॅरिसमध्ये लकोक द ब्वाबोद्राँ याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वस्तू पाहून, मग ती झाकून आठवणीने काढायला लावण्याची पद्धत शोधली होती. आपल्याकडे त्याचे रूप बदलले आणि बाजार, एसटी स्टँड, दहीहंडी असे प्रसंग मनाने रचण्याचा तो पेपर झाला. इंटरमीजिएट पास झालेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळू लागल्यापासून परीक्षार्थींची गर्दी वाढली आणि तिच्याबरोबर ठरीव चित्रे पाठ करून घेणारे क्लासही. वस्तुचित्र आता बहुतेक मुले रंगातच करतात, त्यामुळे निव्वळ पेन्सिलीचे छायांकन शाळेच्या वर्गातून बरेचसे मागे पडले आहे.

ते दुसऱ्या दोन ठिकाणी मात्र टिकून आहे. एक म्हणजे फोटोवर चौकटी आखून मोठे व्यक्तिचित्र काढून देणारे कलाकार. गेलेल्या आईवडिलांचा जुना, डागाळलेला फोटो घेऊन येणारे गिऱ्हाईक त्यांना पिढ्यान्पिढ्या मिळत आले. चौकटीने प्रमाण चुकत नाही, पण डोळा मोजायला शिकत नाही. एकाच कोनातून टिपलेल्या सपाट प्रतिमेची छटान् छटा उचलणे आणि खोली असलेला आकार कागदावर घडवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. केसन् केस दाखवणारी आजची फोटोसदृश पेन्सिलचित्रे बहुतांशी पहिल्या विद्येतली. दुसरे ठिकाण म्हणजे कला महाविद्यालये. राज्यातील पदवी अभ्यासक्रमाच्या प्रवेशपरीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे प्रात्यक्षिक पेपर आजही आहेत. २०२३ मध्ये सर ज. जी. स्कूलला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि संगणकावरच्या रेखांकनाचे विषयही आले. तरी तिथल्या पहिल्या वर्षाचा आरंभ कागद, पेन्सिल आणि समोर मांडलेला वस्तुसमूह यांनीच होतो.